मेरिलची अकरा काडतुसं

शुक्रवार, २१ ऑक्टोबर
सॉरेल क्रीकची केबिन

दुपारी दोनला पोहोचले. पायथ्याशी ट्रक उभा करून वरचे चार मैल घोड्यावर. हवा इतकी सुंदर आहे की वाटेत मी चक्क एकदा शीळ घातली आणि घोडा दचकला. डॉक्टरांकडच्या नर्सनं मे महिन्यातच, मेरिल गेल्यावर, सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहीत जा, बरं वाटतं. तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे, म्हणून वही उघडली.

केबिन आजवर फक्त फोटोत पाहिली होती. सव्वीस वर्षं माझा नवरा दर ऑक्टोबरात इथे यायचा आणि मी खाली गावात औषधांच्या दुकानात उभी असायचे. बायकांनी येऊ नये असा काही नियम नव्हता. कुणी आली नव्हती, इतकंच. एकच खोली आहे. चार पलंग, लाकडाचा स्टोव्ह, खिडकीखाली टेबल, टेबलाशेजारी दार. मागच्या भिंतीलगतचा पलंग मेरिलचा. ऑरव्हलमामांनी त्यावर नवी घोंगडी टाकून ठेवली होती. मी तिथेच सामान ठेवलं.

ऑरव्हलमामा म्हणजे मेरिलचे सख्खे मामा. शहात्तर वर्षांचे आहेत, पण खोगीर अजून स्वतः उचलतात. या केबिनमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. दुसरा लाइल, मेरिलचा धाकटा भाऊ. तो गप्प बसला तर तब्येत बरी नाही असं समजायचं. मी आणलेल्या लेफ्सा, बटाट्याच्या मऊ पोळ्या, त्यानं एकामागून एक नऊ खाल्ल्या आणि म्हणाला, वहिनी, इतकी वर्षं भाऊ आम्हाला सांगायचा की तुला स्वयंपाक येत नाही, आता कळलं का सांगायचा.

हसले. खूप दिवसांनी.

जेवणानंतर, उजेड होता तोवरच, काडतुसांची तपासणी झाली. ही इथली जुनी रीत आहे. ज्यानं त्यानं आपली काडतुसं टेबलावर ओतायची, मामा एकेक उचलून बघणार आणि पसंत नसेल ते कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकणार. डब्यात गेलेलं हंगाम संपेपर्यंत परत मिळत नाही. मामांचं म्हणणं साधं आहे. हरणाला लागते ती गोळी मऊ आणि हलकी चालते. बरगडीतून आत शिरते, चटकन उमलते, काम होतं. एल्क म्हणजे सातशे पौंडांचं जनावर, त्याच्या खांद्याचं हाड मनगटाएवढं. हलकी गोळी त्या हाडावर आपटून फुटते, आत पोचत नाही. एल्कसाठी जड गोळी हवी, जिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत असते. पुढचा अर्धा भाग उमलला तरी मागचा अर्धा शाबूत राहून आत जातो.

लाइलनं माझी रायफल उचलून पाहिली आणि विचारलं की असल्या बारीक नळीच्या टू-सेव्हंटीनं एल्क मारणार की त्याला गुदगुल्या करणार. मामांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, मेरिलनं याच रायफलनं सोळा एल्क पाडले, तुझी तोफ घेऊन तू किती पाडलेस ते सांग. मग मी मेरिलची डबी उघडली.

अकरा काडतुसं. एकशेपन्नास ग्रेनची गोळी, त्यानं स्वतः भरलेली. डबीवर त्याच्या हातची पेन्सिल: "एल्क. १५०. आर्डिसने हात लावू नये." एकदा मी चुकून त्यातली दोन घेऊन हरणाच्या शिकारीला गेले होते, तेव्हापासून ती ओळ आहे. मामांनी ती वाचली, डबी बराच वेळ हातात धरली आणि एकही काडतूस न तपासता झाकण लावून मला परत दिली. पोरी, ही चालतील, एवढंच म्हणाले.

मामांना सांगितलं नाही ते इथे लिहिते. माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात दुकानातून आणलेली दुसरी काडतुसं आहेत, एकशेतीस ग्रेनची. हरणाची. वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी तीच वापरते. रायफलची दुर्बीणही गावात त्यांच्यावरच लावून घेतली. मेरिलची अकरा मी उडवणार नाही. पितळेवर त्याच्या घामाचे तपकिरी डाग उठले आहेत, पाचवर तर अंगठा स्पष्ट दिसतो. बार उडाला की पितळ उरेल, अंगठा उरणार नाही. अकराच आहेत. आणखी भरणारं कुणी नाही.

मी सव्वीस वर्षं ग्रेनमध्ये औषधं तोलली आहेत. वीस ग्रेन म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. एवढ्यानं काय होतंय.

शनिवार, २२ ऑक्टोबर

दिवसभर मामांबरोबर फिरले. लार्चची झाडं पिवळीधमक झालीत, ऊन अंगावर घ्यावं असं. उद्या सकाळी मी कुठे बसायचं ती जागा त्यांनी दाखवली: झऱ्याच्या वरचा पडलेला ओंडका, मेरिलची जागा. समोर साठ-सत्तर पावलांवर अ‍ॅस्पेनची राई.

मामा म्हणाले, तीन बार कागदावर टाकून घे. काडतूस बदललं की गोळी वेगळ्या जागी पडते, एकाच डबीतल्या काडतुसांवर रायफल लावलेली बरी. मी म्हटलं, गावात लावून आणली आहे. खोटं नव्हतं. कुठल्या काडतुसांवर लावली, ते त्यांनी विचारलं नाही.

दाराच्या चौकटीला एक खिळा आहे. मी त्याला टोपी अडकवली तर लाइलनं घाईनं काढली. तो टोपीचा खिळा नाही. या केबिनचा नियम असा: जनावर जखमी करून ज्याच्या हातून सुटलं, त्यानं आपल्या परवान्याची चिठ्ठी त्या खिळ्याला लावायची. जनावर सापडून संपेपर्यंत त्यानं दुसऱ्यावर बार टाकायचा नाही आणि खाली उतरायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? मामा म्हणाले, मेरिल एकदा सहा दिवस राहिला होता. मला माहीत होतं. त्या वर्षी तो उशिरा आला आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. कारण त्यानं कधी सांगितलं नाही.

रविवार, २३ ऑक्टोबर

हंगामाचा पहिला दिवस. आठ वाजून दहा मिनिटांनी नर एल्क राईतून बाहेर आला. सहा फाट्यांची शिंगं, मानेवर गडद आयाळ. साठ पावलं. इतकं सोपं की मला लाज वाटली. तो तिरका उभा होता. मी खांद्यामागे धरलं आणि दाबताना तो अर्धं पाऊल वळला.

आवाज आला तो हाडाचा. पुढचा डावा पाय लोंबायला लागला. तो पडला, उठला आणि तीन पायांवर राईत गेला.

मामा वीस मिनिटांत आले. अर्धा तास थांबवलं, मग आम्ही मागावर निघालो. रक्त गडद, थोडं. बर्चच्या बुंध्यापाशी मामांना हाडाची एक कपची मिळाली, तिच्यात गोळीचं तांबं रुतलेलं होतं, चॉकलेटच्या चांदीसारखं पातळ. त्यांनी ते नखानं काढलं, बोटांत चोळलं. विचारलं, मेरिलच्या डबीतलंच ना?

मी हो म्हटलं.

ते म्हणाले, शेवटच्या वर्षी त्याचा हात थरथरत असणार. गोळी कुठली उचलली तेही त्याला दिसलं नसेल. नाहीतर असं काडतूस त्याच्या हातून जायचं नाही. त्याला दोष देऊ नकोस, पोरी.

खरं वाक्य तोंडात तयार होतं. मेरिलनं शेवटच्या हिवाळ्यात प्रत्येक काडतुसातली बंदुकीची दारू दोनदा तोलली होती, दम लागायचा म्हणून दर काडतुसानंतर पाच मिनिटं बसायचा. एकाही दाण्याची चूक नसणार. आणि मी गप्प राहिले, त्याच्या मामांसमोर.

संध्याकाळी चिठ्ठी खिळ्याला लावली. लाइलनं दुपारी एक मादी पाडली होती, एका बारात. त्यानं आज एकही विनोद केला नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर

मामा आणि मी सकाळपासून मागावर. तीन खूर आणि एक ओढ, ओळखायला सोपा माग. दोनदा रक्त संपलं, दोनदा मिळालं. जखमी जनावर उताराकडे, पाण्याकडे जातं असं मामा म्हणतात. हा चढाकडे गेला, कड्याच्या खालून वळला आणि उतरत उतरत दुपारी तीनला त्यानं आम्हाला केबिनच्या मागे आणून सोडलं. मेरिलच्या पलंगाच्या मागची भिंत. तिथे गवत दबलेलं, ओलं.

मामांनी टोपी मागे सरकवली. साठ वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाले. लाइल दारातून ओरडला, जेवायला बोलावलंस का त्याला, वहिनी? मामांनी असं काही पाहिलं त्याच्याकडे की तो आत गेला.

हवा गरम आहे, मादीचं मांस टिकणार नाही. उद्या सकाळी दोघं खेचरांवर लादून खाली नेणार. माझा घोडाही नेतील, इथे चारा संपलाय. मामा बुधवारी परत येतो म्हणाले. बरोबर नेण्यासाठी त्यांनी मेरिलचं एक काडतूस मागितलं. गावात काडतुसं भरणारा त्यांच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडून उघडून, तोलून घेणार, म्हणजे नक्की काय चुकलं ते कळेल.

द्यावं लागलं. अंगठा नसलेलं निवडून दिलं. दहा उरली.

तो माणूस ते उघडेल. आत गोळी एकशेपन्नासची असेल, दारू बरोबर असेल. मग मामांना कळेल. बुधवारच्या आत मला तो एल्क सापडायला हवा, म्हणजे मी स्वतः सांगू शकेन. आधी जनावर संपवायचं, मग सांगायचं. उलट क्रमानं माझ्यानं होणार नाही.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

ते आठला गेले. लाइलनं खोगिरावरून हात हलवला आणि म्हणाला, वहिनी, कंटाळा आला तर माझे मोजे शिवून ठेव.

नऊ वाजता दार उघडलं तर पायरीवर रक्त. ते गेले तेव्हा पायरी कोरडी होती. मी स्वतः तिच्यावर उभी राहून निरोप दिला होता.

रक्त गडद नव्हतं. गुलाबी होतं, फेसाचं, बारीक बुडबुडे अजून फुटत होते. असं रक्त फुप्फुसाचं. मी खांद्याचं हाड फोडलं होतं, फुप्फुसाला काही लागलं नव्हतं, मामांनीही तेच सांगितलं होतं. दहा मिनिटं तिथेच बसून पाहिलं. दुकानात असते तर बाटलीत घेऊन लेबल लावलं असतं.

माग काढला. कड्याखालून वळसा, परत केबिनच्या मागे. साडेतीन तास. जनावर दिसलं नाही.

दुपारी टेबलाशी कॉफी पीत होते. मागच्या भिंतीपलीकडे श्वास ऐकू आला. ओंडक्यांमधल्या मातीच्या लिंपणातून आवाज स्पष्ट येतो. दोन आखूड, मग थांबतो. मग एक लांब, तळातून ओढलेला, शेवटी ओलसर. परत दोन आखूड.

घड्याळ लावून मोजलं. मधला थांबा सात सेकंद, कधी नऊ.

हा आकडा मला पाठ आहे. याहून जास्त आज लिहीत नाही.

बाहेर धावले. भिंतीमागे काही नव्हतं. गवत गरम होतं.

बुधवार, २६ ऑक्टोबर

पहाटेपासून बर्फ. दहापर्यंत गुडघाभर. मामा येणार नाहीत, खेचरं या बर्फात चढत नाहीत. ठीक आहे. खायला आहे, लाकडं आहेत.

ताज्या बर्फात माग लपत नाही, म्हणून मुद्दाम गेले. तीन खूर, एक ओढ. सगळे ठसे केबिनभोवतीच. वर्तुळ लहान होत चाललंय. रविवारी मैलाचं असेल, आज दोनशे पावलांचं. मध्ये मी.

श्वास सकाळी अकराला, दीडला, चारला. आता पलंगाच्या डोक्याशी असतो. मी पलंग सोडून टेबलाशी बसते.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

आज दिसला. सकाळी साडेदहा, बर्फ थांबलेला, लख्ख ऊन. खिडकीतून ऐंशी पावलांवर, राईच्या तोंडाशी, केबिनकडे तोंड करून. डावा पाय दोरीला बांधल्यासारखा लोंबतो. नाकपुड्यांतून गुलाबी फेस.

मी पायरीवर बसले, गुडघ्यावर रायफल टेकवली. रायफलीत चार होती, एकशेतीसची. हो, तीच. मेरिलची डबी टेबलावर होती, हाताच्या अंतरावर. मी तिच्याकडे पाहिलं आणि रायफल तशीच उचलली.

चारही बार लागले. प्रत्येक वेळी केस उडालेले दिसले, कातडी थरथरलेली दिसली. तो हलला नाही. पडलाही नाही. प्रत्येक बारानंतर श्वास जास्त ओला झाला, एवढंच. शेवटच्या बारानंतर त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता.

आता लिहायलाच हवं. मेरिलला एप्रिलात घशात श्वासाची नळी घातली. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं पाटीवर लिहिलं, पुरे. मी पाटी पुसली. त्यानं परत लिहिलं. रोज सकाळी डॉक्टर विचारायचे, काय करायचं, आणि मी म्हणायचे, आज राहू दे. तेवीस सकाळी. मी औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं काढली, मला सगळे आकडे कळत होते. प्रत्येक दिवशी त्याला एवढंच मिळत होतं की तो जाणार नाही. बरा होण्याइतकं नाही आणि सुटण्याइतकंही नाही. मोजून. शेवटी त्याचा श्वासही असाच चालायचा: दोन आखूड, थांबा, मग एक लांब.

मामा, हे वाचाल तर: काडतूस त्याचं नव्हतं. माझं होतं, दुकानातलं. त्याच्या हातात काही चूक नव्हती. मी तुम्हाला रविवारी खोटं सांगितलं.

लिहिल्यानं काही झालं नाही. श्वास चालू आहे.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

नियम गेला खड्ड्यात. खाली जाते.

नऊला निघाले. पायवाट झऱ्याच्या कडेनं खाली, चुकायला जागा नाही. अर्ध्या मैलावर पुढे रक्त दिसलं, ठिपके, वाटेच्या मधोमध, माझ्याच दिशेनं गेलेले. मी खाली बघून चालत राहिले. पाणी डावीकडे होतं. सतत डावीकडे होतं. दोन तासांनी झाडी संपली आणि समोर केबिन. मी तिच्या वरच्या अंगानं उतरत होते.

परत निघाले. या वेळी झऱ्यात उतरून पाण्यातूनच चालले. पाणी खालीच जातं.

दीड वाजता केबिन.

बूट भिजलेत. स्टोव्हपाशी ठेवलेत. चिठ्ठी खिळ्यावर आहे, मी ती काढून खिशात घातली होती. खिसा रिकामा आहे.

शनिवार, २९ ऑक्टोबर

काय करायचं ते माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं. त्याची काडतुसं.

सकाळी आठला तो दारासमोर चाळीस पावलांवर उभा होता. एक घातलं. अंगठ्याचं. डोळे मिटले नाहीत. बार—

चुकला. बर्फ उडाला, त्याच्या पायांखाली.

अर्थात. दुर्बीण एकशेतीसवर लावलेली. मामांनी सांगितलं होतं. वेगळं काडतूस, वेगळी जागा. तो वळून भिंतीमागे गेला.

नऊ.

लाकडांच्या ढिगावर फळी उभी केली, कोळशानं टिंब काढलं, तीन बार टाकले. तिन्ही एकाच जागी, एका नाण्याखाली झाकले जातील असे. टिंबाच्या खाली, डावीकडे. किती नेटकी भरली होती त्यानं. फळीशी उभी राहून रडले, पहिल्यांदा, मे महिन्यापासून पहिल्यांदा. दुर्बिणीचे आटे फिरवले. आणखी एक टाकला. टिंबावर.

पाच. रिकामं पितळ खिशात आहे. घासून लखलखीत झालंय, कुणाचंच नाही.

आता तो यायचं थांबलाय. दिसत नाही. श्वास मात्र—

रविवार, ३०

दाराला टेकून निजलाय. बाहेरून. फळ्या वाकतात, श्वास आत घेतला की. सकाळपासून.

दार आत उघडतं. मला फक्त कडी काढायची आहे. रायफल भरलेली आहे. पाचही त्याची.

दारातून बार टाकणार नाही. दिसला पाहिजे. नीट व्हायला पाहिजे. एकदाच.

दुपारी

दाराखालून फेस येतोय. बर्फाचं पाणी आणि फेस. टेबलाच्या पायापर्यंत.

थांबे लांबलेत. अकरा. तेरा. अकरा.

खिडकीतून जाता येईल. गेले होते. खिडकीबाहेर पडले आणि खोलीत उभी होते. खिडकी माझ्या मागे—

कुठे जायचं नाही आहे. फक्त दार.

दोन वाजले

कडी काढली. दार त्याच्या वजनानंच उघडलं. मान उंबऱ्याच्या आत पडली, शिंग टेबलाला अडकलंय, मी लिहिते आहे ते टेबल हलतंय. इतका जवळ की वाफ वहीवर येते. डोळा माझ्याकडे. खांद्याच्या जखमेत गोळीचं पातळ तांबं चमकतंय, माझं.

नळी कानामागे टेकवली आहे. डाव्या हातानं लिहिते. मामा, या वेळी बरोबर काडतूस आहे. चूक होणार नाही. लिहून झालं की—

थांबा आलाय. दोन आखूड झाले, आता थांबा. मोजते.

तेरा. पंधरा.

अठरा. बारसुद्धा लागणार नाही असं दिसतंय. आपोआप. किती शांत आहे. झरा ऐकू येतोय.

बावीस

पंचवीस. नाही

नाही नाही

मी रायफल टाकली. दोन्ही हातांनी मान धरली, हलवली, हाक मारली, त्याच्या नावानं हाक मारली. मेरिल, घे. घे ना. आत घे—

घेतला.

लांब. तळातून. मला आनंद झाला. मामा, हे लिहून ठेवते, मला इतका आनंद झाला की—

उठतोय. तीन पायांवर. मान वाकवून शिंगं दारातून तिरकी आत घेतोय, घर ओळखीचं असल्यासारखा. दार मागे लागलं. पलंगाकडे—

मी पलंगावर भिंतीकडे सरकून त्याला जागा कर